नाशिकहून परदेशी निघालात? बॅगेत चिवडा कमी भरा, भाजणी जास्त

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की कोणाचं तरी पोरगं बाहेर शिकायला निघतं आणि मग लोक वजनकाटा मागायला आमच्याकडे येतात, तो हूकला बॅग लटकवायचा असतो ना, तो. मागच्या आठवड्यात समोरच्या काकू आल्या. बॅग भरली २९ किलो, तिकिटावर लिमिट २३, आणि त्यातलं साडेनऊ किलो निव्वळ खाणं. ३ किलो मक्याचा चिवडा, २ किलो पेढे, बेसनाच्या लाडवांचे दोन डबे, गूळपोळ्या, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात पावशेर काळा मसाला. मी म्हटलं काकू, अगदी उलटं भरलंय हो तुम्ही. त्या जरा रुसल्या, पण बसल्या ऐकायला.

सांगायचं कारण म्हणजे मी स्वतः हेच केलेलं. कंपनीच्या कामाने १४ महिने जर्मनीत होतो, स्टुटगार्टच्या जवळ. जाताना घरच्यांनी जे दिलं ते मुकाट नेलं. पेढे एअरपोर्टवर कस्टमवाल्याने माझ्यासमोर डब्यातून काढून कचऱ्यात टाकले, ती चूक सरळसरळ माझीच, मी काही वाचलंच नव्हतं. चिवडा ऑफिसातल्या लोकांनी आणि मी मिळून १२ दिवसात संपवला आणि तळाचा पाव किलो तर सादळून गेला. म्हणजे पुढे दिवाळीपर्यंत मी बिनचिवड्याचाच होतो, आणि करून खायला मसाला पण नव्हता. दिवाळीला सुट्टीवर आलो तेव्हा दुसऱ्या फेरीला डोकं लावून भरलं, आणि त्या फेरीचा हिशोब खाली देतोय.

आधी कागद घ्या, बॅग नंतर

बॅग उघडायच्या आधी अर्धा तास बसून लिहायचं की घरी साध्या आठवड्यात आपण काय खातो. सणाचं नाही, साध्या आठवड्याचं. कारण तिथे पुरणपोळीची आठवण येते ती होळीला, एक दिवस, आणि त्या दिवशी कोणीतरी मराठी मंडळवालं भेटतंच. खरी तडफड होते ती भलत्याच गोष्टींसाठी होते.

मला वाटलेलं की मिसळीवाचून मी मरणार, म्हणजे नाशिकचा माणूस, रविवार सकाळ म्हणजे मिसळ, सोबत भाजलेला पापड आणि दही, त्यात काही वेगळा विचार करायचाच नसतो. पण तिसऱ्याच आठवड्यात थंडी वाजून ताप आला आणि मला जे पाहिजे होतं ते मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. ते काही तिथे दुकानात मागून मिळत नाही. दोन दिवस टोस्ट खाल्ला.

तर कागदावर तीन खाने करा: आजारी पडल्यावरचं, दमून घरी आल्यावर २० मिनिटात होणारं, आणि रविवारचं. माझ्या पहिल्या खान्यात मेतकूट आणि भाजलेला नागलीचा पापड. दुसऱ्यात थालीपीठ, पिठलं, खिचडी आणि चटणी. तिसऱ्यात मिसळ आणि शेवभाजी. तुमचं वेगळं असेल, कोणाचं भगर-आमटी असेल, कोणाचं नुसतं ठेचा-भाकरी. जे या तीन खान्यात बसत नाही ते बॅगेत जात नाही, एवढा एक नियम पाळला तरी पाच किलो वाचतात.

मग देशाचे नियम बघा, कारण पेढ्याला पासपोर्ट नसतो

युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही, विषय संपला. पेढे, बर्फी, खवा घातलेलं काहीही, पनीर, तूप, सगळं यात आलं. ब्रिटनचं पण साधारण तसंच. तूप तिथे विकत मिळतं, नाहीतर बिनमिठाचं लोणी आणून कढवा, आपल्या घरच्या साईच्या तुपासारखं नाही होत पण वरणभातावर चालतं.

अमेरिकेत मुख्य गोष्ट म्हणजे डिक्लेअर करायचं. खायचं काही आहे का विचारलं तर हो म्हणायचं आणि काय आहे ते सांगायचं. सांगून एखादी वस्तू काढून घेतली तर फक्त वस्तू जाते, लपवून सापडली तर दंड. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता न्यायचाच नाही. आणि तांदूळ, अख्खे हरभरे हे पण नको, धान्याला लागणारा खापरा भुंगेरा नावाचा किडा आहे त्याच्या भीतीने ते अडवतात. तसंही अमेरिकेत तांदूळ वाहून न्यायची गरज काय, तिथे गल्लोगल्ली इंडियन स्टोअर आहेत, पटेल ब्रदर्सवाले तर १९७४ पासून शिकागोत दुकान टाकून बसलेत.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक. उतरताना भरायच्या फॉर्मवर प्रत्येक खाण्याच्या वस्तूसाठी हो वर टिक करायची, शंका असली तरी हो. न्यूझीलंडमध्ये विसरलो म्हणून चालत नाही, जागेवर ४०० डॉलर. बिया, दुधाचं, मध, ताजं काही असेल तर घरीच ठेवा.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे कोणाच्या लक्षातच येत नाही: खसखस. यूएईत आणि सिंगापूरमध्ये खसखस बंदीच्या यादीत आहे, कारण ती अफूच्या बोंडातलीच बी. आणि आपल्या घरात खसखस कुठे कुठे असते बघा, अनारशावर, गोड्या मसाल्यात, बऱ्याच घरांच्या काळ्या मसाल्यात, करंजीच्या सारणात. दुबईला चाललेल्या माणसाला मसाला देताना आईला नाहीतर मसाला करणाऱ्या मावशींना विचारा, की बाई यात खसखस आहे का. असेल तर बिनखसखशीचा वेगळा अर्धा किलो करून घ्या, चवीत फार फरक पडत नाही.

हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढलं की त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघा, भावकीतल्या माणसाने २०११ साली काय नेलं होतं त्यावर जाऊ नका.

वजनाचा हिशोब

२३ किलोच्या बॅगेत खाण्याला ७ किलोच्या वर देऊ नका, थंडीचे कपडेच केवढे होतात. माझी दुसऱ्या फेरीची यादी अशी होती: थालिपीठाची भाजणी दीड किलो, मेतकूट अर्धा किलो, काळा मसाला अर्धा किलो, लाल तिखट अर्धा किलो, मिसळीचं कोरडं वाटण पाव किलो, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी मिळून ६०० ग्रॅम, नागलीचे पापड आणि थोडे सांडगे अर्धा किलो, कैरीचं लोणचं अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, हिंगाची डबी, आणि शेवटी चिवडा एक किलो. एकच. सगळं धरून साडेसहाच्या आसपास.

एका थालिपीठाला साधारण ६५-७० ग्रॅम भाजणी जाते म्हणजे दीड किलोत वीसबावीस थालिपीठं, आठवड्याला एक म्हटलं तरी पाच महिने. मेतकूट एका वेळी दोन चमचे, अर्धा किलो म्हणजे तीसेक वेळा. तेवढ्याच वजनाचा चिवडा तीन दिवसात संपतो, बघा आता.

डाळी, पोहे, साबुदाणा, रवा, बेसन हे न्यायचंच नाही. सगळीकडे मिळतं. लंडनला साउथॉल आणि वेम्बली, न्यू जर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड, सिडनीत हॅरिस पार्क, सिंगापूरला लिटल इंडियातलं मुस्तफा, तिथे तर आपल्यापेक्षा जास्त ब्रँड असतात. सहज न मिळणारी गोष्ट म्हणजे काळा मसाला, मेतकूट, भाजणी, नागलीचा पापड. गरम मसाला शंभर कंपन्यांचा मिळेल, पण तो घालून केलेली आमटी ही आमटी राहत नाही, ती पंजाबी होते.

मेतकूट, नीट सांगतो

हे घरी करायचं, आणि जायच्या आठ-दहा दिवस आधी. दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू. मसाल्याला दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, अर्धा चमचा मेथ्या, अर्धा चमचा मोहरी, चारपाच मिरे, दोन सुक्या मिरच्या, आणि नंतर घालायला सुंठपूड, हळद, हिंग.

प्रत्येक गोष्ट वेगळी भाजायची, हे आई दहा वेळा सांगते आणि दहाही वेळा बरोबर असते, कारण उडदाची डाळ आधी लाल होते आणि गहू मागे राहतो, एकत्र टाकलं की एक जळकं आणि एक कच्चं. मंद गॅस, जाड बुडाची कढई, तेलाचा थेंब नाही. हरभऱ्याच्या डाळीचा खमंग वास स्वयंपाकघराबाहेर हॉलमध्ये आला की उतरवायची. मेथ्या मात्र अगदी किंचित, त्या काळ्या पडल्या की पूर्ण घाणा कडू. मग सगळं ताटात पसरून पूर्ण गार करायचं. मिक्सरमधून काढलं की पीठ परत गरम झालेलं असतं, ते तसंच पिशवीत भरलं तर आत वाफ धरते आणि महिन्याभरात बुरशी, म्हणून पेपरवर दोन तास पसरून ठेवायचं आणि मगच भरायचं. गिरणीतून भाजणी दळून आणली तरी हेच, डब्याचं झाकण उघडं ठेवा रात्रभर, वर कापड.

मेतकुटात तेल घालत नाही म्हणून ते टिकतं. जे जे खवट होतं ते तेलामुळे होतं, आणि जे जे बुरशी धरतं ते पाण्यामुळे, एवढं डोक्यात ठेवलं की कुठली गोष्ट किती दिवस राहील ते तुमचं तुम्हालाच कळतं. शेंगदाण्याची चटणी दोनेक महिन्यांनी खवट लागायला लागते, म्हणून तिथे पोचलात की अर्धी फ्रीजरमध्ये टाका. कारळ्याची पण तशीच ठेवा, कारळ्यात पण तेल भरपूर.

मिसळीचं कोरडं वाटण

इथे मी थोडा खटाटोप केला आणि तो कामाला आला. नाशिकच्या काळ्या रश्शाची चव म्हणजे काळपट भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं आणि काळा मसाला. कांदा एक किलो, उभा पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, मग थोड्या तेलात तांबूस-काळा होईपर्यंत परतायचा, टिशूवर तेल निथळून कुरकुरीत झाला की वाळवलेल्या लसणासोबत भरड वाटायचा. किलोचं पाव किलोच्या आतच होतं. पावसाळ्यात ऊन नसेल तर लासलगाव-पिंपळगावच्या बाजूला कांदा वाळवणारे कारखाने आहेत, तसला वाळवलेला कांदा विकत मिळाला तर तोच परता.

खोबरं मी यात मुद्दाम घालत नाही. एक तर खवट होतं. दुसरं म्हणजे सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, २०२२ पासून तो नियम आलाय, खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात. शेजारच्या आजींनी ओटीचं खोबरं बॅगेत टाकलं असेल तर हळूच काढून ठेवा. तिथे सुपरमार्केटमध्ये केकच्या सामानात सुका खोबरेकीस मिळतो, बिनसाखरेचा बघून घ्यायचा आणि तव्यावर चॉकलेटी होईपर्यंत भाजायचा.

तिथे करताना: तीन चमचे वाटण, दोन चमचे भाजलेलं खोबरं, आलं, थोडं पाणी घालून गुळगुळीत वाटा, तेल जास्तच घ्या (इथे डाएट करायचं नसतं), तेलात ते वाटण तेल सुटेपर्यंत परता, दीड चमचा काळा मसाला, गरम पाणी, मीठ, उकळी. वरच्या तर्रीसाठी वेगळ्या छोट्या पातेल्यात तेल तापवून खाली उतरवून मग तिखट घाला. उतरवून म्हणजे खरंच उतरवून हां, तिथल्या इलेक्ट्रिक शेगडीचं बटण बंद केलं तरी ती पाच मिनिटं तापलेलीच असते, माझी पहिली तर्री अशीच काळी झाली, ती नाशिकची काळी नव्हे, जळकी काळी.

मटकीला मोड थंडीत येतच नाहीत. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून भांडं आत ठेवा, नाहीतर कापडात बांधून हीटरजवळ, डिसेंबरात तरी दोन दिवस धरा. म्हणजे रविवारच्या मिसळीसाठी मटकी गुरुवारी रात्रीच भिजत घालायची, आणि पाव, फरसाण शनिवारीच आणायचं, कारण जर्मनीत रविवारी दुकानं बंद. हे मला पहिल्या रविवारी बंद दारासमोर उभं राहून कळलं.

भरणं

पिठं-मसाले जाड प्लास्टिकमध्ये व्हॅक्यूम पॅक करून घ्या, मेनरोड-रविवार कारंजाच्या बाजूला सुकामेव्याच्या आणि मसाल्याच्या दुकानांतून विचारलं तर थोडे पैसे घेऊन करून देतात. विमान वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, बॅगा ठेवतात तिथेही, म्हणून हवा भरलेली पिशवी फुगते आणि शिवणीत फाटते. लोणच्याच्या बरणीचं तेल पण याच कारणाने झाकणातून बाहेर ढकललं जातं. बरणी काठोकाठ भरू नका, तोंडावर प्लास्टिकचा कागद ठेवून झाकण लावा, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, मग ती कुकरमध्ये. कुकर न्यायचाच असतो ना, तर रिकामा कशाला न्यायचा. माझ्या पहिल्या फेरीत लोणचं दोन शर्टांना लागलेलं, त्यातला एक अजून हळदीचा आहे.

तिखट, मसाला, लोणचं, चटणी यातलं काहीही हँडबॅगेत नको, सिक्युरिटीला काढून ठेवायला लावतात. पातळ पदार्थाला १०० मिलीची मर्यादा असतेच. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत साधं नाव लिहा, म्हणजे भाजणी असेल तर भाजलेल्या धान्याचं पीठ असं. आईने सगळ्यांवर मराठीत लिहिलेलं, आणि पांढरट पिवळ्या पुडीचं पाकीट अधिकाऱ्यापुढे उघडून ते भातावर कसं खातात हे समजावत बसावं लागलं, मेतकुटाला इंग्रजी शब्दच नाहीये.

प्रवासात खायला वेगळी पिशवी करा. नाशिकहून मुंबई एअरपोर्ट म्हणजे घाट, ट्रॅफिक, चेक-इन, सगळं धरून विमान सुटायच्या सात-आठ तास आधी घर सोडावं लागतं, आता इगतपुरीहून समृद्धीने बरं पडतं तरी पुढचा मुंबईचा भरवसा नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, वर कोरडी चटणी. दशम्या दुधातल्या असतात म्हणून उतरायच्या आधी संपवून टाका.

तिथे पोचल्यावर

पहिल्याच शनिवारी तुर्की दुकान शोधा, इंडियन दुकान लांब असलं तरी तुर्की जवळ असतं, आणि तिथे कोथिंबिरीची जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी, काबुली चणे, सगळं. जर्मनीत क्वार्क नावाचा एक प्रकार मिळतो, जवळजवळ आपला चक्काच, रात्रभर फडक्यात टांगून साखर-वेलची घातली की श्रीखंड, बनवणाऱ्याला काही कौशल्य लागत नाही. खिरीसाठीचा म्हणून जो आखूड तांदूळ मिळतो, मिल्खराइस, तो मऊ भाताला झकास, बासमतीचा मऊ भात होत नाही, होतो तो लगदा. मसुराची डाळ साध्या सुपरमार्केटात मिळते. आणि मार्चमध्ये एक दिवस फळांच्या रॅकमध्ये खोक्यावर नाशिक वाचलं, द्राक्षं. आपल्याकडच्या तिप्पट-चौपट भावाची. घेतली.

शेगडी इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटतो का घरीच बघा. तवा सपाट बुडाचा न्या. अमेरिकेला चाललात तर आपला मिक्सर नेऊ नका, तिथे ११० ते १२० व्होल्ट, आपला २३० वाला चालणार नाही. युरोपात फक्त प्लगची पिन बदलून चालतो.

शेवटचं म्हणजे फोडणी. स्मोक अलार्म. मिरचीची फोडणी दिली आणि खिडकी उघडली नसेल तर पूर्ण मजला खाली येतो, मी आणून दाखवलाय, पायात चपला, हातात झारा, आणि शेजारची म्हातारी नाईट गाऊनमध्ये थंडीत उभी. आधी खिडकी उघडायची, मग एक्झॉस्ट, मग खोलीचं दार लावायचं म्हणजे कोटांना हिंगाचा वास लागत नाही, आणि मग तेल तापवायचं. अलार्म काढून ठेवू नका, भाडेकराराच्या दृष्टीने ते फार महागात जातं. त्या आजींना दुसऱ्या दिवशी थालीपीठ नेऊन दिलं, त्यांनी विचारलं यात कांदा आहे का, मग दर पंधरा दिवसांनी त्याच विचारायच्या की परत कधी करणार, आणि माझी दीड किलो भाजणी पाच महिन्यांऐवजी साडेतीन महिन्यात संपली, तर तेवढी अर्धा किलो जास्त धरा.